वाचकांचे प्रश्न : अंगणातली करवंदीची जाळी

मागच्या अंकात कुंपणाला लावण्याजोग्या देशी झुडपांची यादी दिली होती. त्यावर सर्वाधिक पत्रं आली ती करवंदीविषयी. डोंगरात कुणी पाणी घालत नाही, खत देत नाही, तरी मे महिन्यात जाळ्या काळ्याभोर फळांनी लगडतात. आणि अंगणात निगुतीनं वाढवलेली करवंदी मात्र हिरवीगार राहून फळाला रुसते, असा बहुतेकांचा सूर आहे. अंगणात करवंदीची गैरसोय होते ती बहुधा जास्तीच्या पाण्यानं, जास्तीच्या खतानं आणि अवेळी चालवलेल्या कात्रीनं. पुढच्या उत्तरांत ही तीन कारणं पुन्हा पुन्हा येतील.

बंगल्याच्या दक्षिणेला २० मीटर लांबीचं कुंपण करायचं आहे. जमीन काळी, चिकट, पावसाळ्यात पाणी धरणारी. करवंदी चालेल का? किती रोपं लागतील? चर खणून लावू का?
– एक वाचक, पुणे

चालेल, पण चर खणून लावू नका. मुरमाड किंवा जांभ्याच्या जमिनीत चर उत्तम. तुमच्यासारख्या काळ्या जमिनीत मात्र चराच्या आतली माती भुसभुशीत आणि भोवतालची घट्ट राहते, त्यामुळे सगळ्या बाजूंचं पाणी त्या चरात उतरून बसतं. करवंदीला खडक चालतो, उन्हाळ्याची तहान चालते. मुळाशी आठ-पंधरा दिवस साचलेलं पाणी चालत नाही. आधी पानं खालून पिवळी पडतात, मग शेंडा माना टाकतो. वरून ते पाण्याच्या तुटवड्यासारखंच दिसतं, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो आणि रोप जातं.

तुम्ही चराऐवजी वरंबा करा. कुंपणाच्या रेषेत जमीन कुदळीनं फक्त वीतभर खोल मोकळी करा. तिच्यावर निम्मी खणलेली माती आणि निम्मा मुरूम मिसळून एक मीटर रुंद, ४५ सेंटिमीटर उंच वरंबा घाला. दर मीटरला दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. हे काम मे महिन्यात उरका, म्हणजे पहिल्या दोन-तीन पावसांत वरंबा बसतो आणि कुठे खचला तर भर घालता येते. लागवड मृगाचा पाऊस चांगला लागल्यावर, वाफसा आला की.

रोपांचं गणित तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. निव्वळ दाट, जनावर न शिरणारं कुंपण हवं असेल तर ६० सेंटिमीटरवर एक रोप लावा. २० मीटरला ३४ रोपं लागतील. फळंही हवी असतील तर एक मीटरवर एक, म्हणजे २१ रोपं. आमचा कौल दुसऱ्या पर्यायाला. चौथ्या-पाचव्या वर्षी रोपं तशीही एकमेकांत मिसळतात, आणि मोकळी वाढलेली जाळी फळ धरते. फळबाग म्हणून सुटी झाडं लावायची असतील तर दोन्ही बाजूंनी तीन मीटर अंतर ठेवावं.

एक वर्षाचं, वीत-दीड वीत उंचीचं रोप घ्या. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. करवंदीला सोटमूळ असतं आणि ते दुखावलं की रोप वर्षभर जागचं हलत नाही. पिशवीच्या तळाशी मूळ गोल फिरलेलं दिसलं तर तेवढंच टोक धारदार कात्रीनं कापा. पहिल्या दोन वर्षांत शेळ्यांपासून जपा, कारण काटे कडक होण्याआधीचे कोवळे शेंडे त्या आवडीनं खातात.

करवंदं खाऊन बिया धुऊन वाळवल्या, डबीत भरून ठेवल्या आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये पेरल्या. एकही उगवली नाही. बी खराब होतं का?
– एक वाचक, चिपळूण

पेरलं तेव्हा बी मेलेलं होतं. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती फार थोडे दिवस टिकते. धान्यासारखं वाळवून वर्षभर ठेवायचं हे बी नव्हे. फळ खाल्ल्यापासून आठवड्याभरात ते मातीत गेलं पाहिजे. निसर्गात तरी वेगळं काय होतं? फळं मेअखेर पिकतात, पाखरं ती खातात, आणि पंधरा दिवसांत पाऊस येतो.

पूर्ण काळी, मऊ झालेली फळं घ्या, तीही ज्या जाळीची फळं मोठी आणि गोड आहेत तिचीच. एका फळात साधारण तीन ते पाच चपट्या तपकिरी बिया निघतात. गर पाण्यात कुस्करून गाळणीत चोळा. गर आणि चीक चिकटून राहिला तर बुरशी तिथूनच सुरू होते. तरंगणाऱ्या पोकळ बिया फेकून द्या. उरलेल्या सावलीत कागदावर एक दिवस सुकवा आणि पेरा.

पिशवी ६ बाय ८ इंचांची, तळाशी आणि बाजूंना मिळून आठ-दहा भोकं पाडलेली. भरायला माती, जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या भागांत. एका पिशवीत दोन बिया, एक सेंटिमीटर खोल. पिशव्या झाडाच्या विरळ सावलीत किंवा ५० टक्के सावलीच्या जाळीखाली ठेवा. पावसाचा थेट मारा नको, नाहीतर बी उघडं पडतं. दोन ते चार आठवड्यांत कोंब वर येतात.

इथे खरी गाळण होते. जुलैच्या झडीत कोवळी रोपं मातीलगत काळी पडून आडवी होतात. पिशवीतलं जास्तीचं पाणी निचरत नाही आणि हवा खेळत नाही, म्हणून बुरशी खोडाच्या गळ्याशी लागते. पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका, खाली खडीचा थर द्या, आणि पडलेली रोपं दिसताच ती पिशवी मातीसकट बाजूला काढा. दोन्ही बिया उगवल्या तर बोटभर उंचीवर एक रोप कात्रीनं कापा. उपटाल तर शेजारच्याचं मूळ हलेल.

पहिल्या पावसाळ्यात रोप जेमतेम वीतभर होतं. याला घाई नको. वर दिसत नसलं तरी मूळ खाली जात असतं. ही रोपं पुढच्या जूनमध्ये जमिनीत लावायची, आणि पहिली फळं लागवडीनंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी. बियांची रोपं आईसारखीच निघतील याची खात्री नसते. दहा रोपांतली दोन आंबट आणि बारीक फळांची निघाली तर ती कुंपणाच्या टोकाला ठेवावीत.

पाच वर्षांच्या तीन जाळ्या आहेत. ठिबकवर आहेत, दर दोन महिन्यांनी खत देतो, दिवाळीत आणि संक्रांतीला छाटून गोल आकार ठेवतो. झुडपं बघत राहावीत अशी, पण आजवर मूठभर फळंसुद्धा मिळाली नाहीत.
– एक वाचक, नाशिक

तुमच्या पत्रातच तीन उत्तरं आहेत.

पहिलं, छाटणी. करवंदीची फुलं फांदीच्या शेंड्याला येतात, तीही पावसाळ्यात वाढून हिवाळ्यापर्यंत जून झालेल्या फुटीच्या शेंड्याला. फांदी जवळून बघा. प्रत्येक वाढीच्या टोकाशी एक तर फुलांचा झुपका असतो किंवा काट्यांची जोडी, कारण शेंड्याच्या डोळ्याचाच काटा बनतो. पुढची वाढ त्या काट्याखालच्या दोन बाजूंच्या डोळ्यांतून होते. म्हणून करवंदी सरळसोट न वाढता दर पेऱ्याला दुभंगत जाते आणि तिची जाळी होते. तुम्ही दिवाळीत शेंडे कापता तेव्हा फूल धरणारं लाकूडच कापलं जातं. त्यातून नवी कोवळी फूट येते, ती जून होण्याआधी संक्रांतीची कात्री येते. गोल आकार राहतो, फळ राहत नाही.

दुसरं, पाणी. पावसाळा संपला की करवंदीला कोरडेपणा हवा. ऑक्टोबर ते डिसेंबर जमीन सुकत गेली की पानांची वाढ थांबते, लाकूड पिकतं आणि जानेवारी ते मार्चदरम्यान पांढरी, सुवासिक फुलं निघतात. गावागावाच्या हवामानानुसार थोडं मागंपुढं. ठिबक चालू राहिलं तर झाडाला थांबायचं कारणच मिळत नाही, ते पानं काढत राहतं. डाळिंबाच्या बागेला ताण देतात ती पद्धत तुमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, करवंदीचा हिशोब तोच आहे.

तिसरं, खत. दर दोन महिन्यांचं खत, त्यातही युरिया किंवा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं रासायनिक खत) असेल, तर सगळा जोर पानांत जातो.

यंदा असं करा. ऑक्टोबरपासून ठिबकची तोटी बंद करा आणि दिवाळी-संक्रांत कात्री हातात घेऊ नका. डिसेंबरात दुपारी पानं किंचित मलूल वाटली तरी धीर धरा. पाच वर्षांचं झाड एवढ्यानं मरत नाही. मुरमाड उथळ जमीन असेल आणि पानं गळू लागली, तरच एकदा झाडाला वीस लिटर पाणी द्या. फुलं येऊन वाटाण्याएवढी फळं दिसली की पाणी पुन्हा सुरू करा: दर आठ-दहा दिवसांनी झाडाला वीस लिटर, फळ रंग धरेपर्यंत. या काळात पाणी मिळालं तर फळ मोठं आणि रसाळ होतं. फुलं असताना मात्र एकदम भरपूर पाणी नको, फुलगळ होते.

फळं उतरली की मे-जूनमध्ये, फार तर जूनअखेर छाटणी उरकून घ्या. आधी वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळाशी कापा, मग जाळीच्या पोटात ऊन जाईल इतक्या दोन-तीन जुन्या फांद्या जमिनीलगत काढा, शेवटी बाहेर आलेले शेंडे वीतभर कमी करा. एकूण झाडाच्या पाव भागापेक्षा जास्त कापू नका. ऑगस्टनंतर कात्री पूर्ण बंद. खत वर्षातून एकदाच, जूनमध्ये: १० किलो शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड, खोडापासून दीड फूट लांब गोल आळ्यात.

गोल आकाराचा मोह सुटत नसेल तर तडजोड आहे. रस्त्याकडची बाजू हवी तशी कातरा, आतली बाजू वाढू द्या. फळं आतल्या बाजूला मिळतील.

आणखी एक बघून घ्या: जाळ्यांवर दिवसातलं सहा तास ऊन पडतं ना? भिंतीच्या किंवा आंब्याच्या सावलीत करवंदी जगते, फुलत नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत शेजारच्या झाडांवरही कीटकनाशक मारू नका. करवंदाच्या फुलाची नळी अरुंद असते, परागकण तिच्या आत. मधमाश्या, फुलपाखरं आणि पतंग आले तरच फळ धरतं. तुमच्या तीन जाळ्या आहेत हे चांगलंच, एकट्या झाडापेक्षा दोन-तीन जवळ असली की फळधारणा बरी होते.

गच्चीत कुंडीत करवंदी येईल का?
– एक वाचक, ठाणे

येते. कुंडी किमान १८ इंच तोंडाची आणि तेवढीच खोल हवी, किंवा ५० लिटरचा कापलेला ड्रम. मिश्रणात दोन भाग लाल माती, एक भाग विटांचा चुरा किंवा बारीक मुरूम, एक भाग शेणखत. कोकोपीट भरून हलकं केलेलं मिश्रण इथे नको; ते ओल धरून ठेवतं आणि पावसाळ्यात मुळं कुजतात. ठाण्याच्या पावसात कुंडी विटांवर उचलून ठेवा, म्हणजे भोकं बुजणार नाहीत.

पाणी वरची दोन बोटं माती कोरडी झाल्यावरच. नोव्हेंबर ते जानेवारी त्याच्या निम्मं. जमिनीतल्यासारखं पूर्ण बंद करू नका, कुंडीतल्या मुळांना खाली ओल शोधायला जागा नसते. दर दोन-तीन वर्षांनी जूनच्या सुरुवातीला झाड कुंडीतून काढा, बाहेरून बोटभर जाडीचा मुळांचा थर कापा, नवी माती भरा, आणि वरचा विस्तारही तेवढाच कमी करा. फळं वाटी-दोन वाट्या मिळतील, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. कठड्याच्या आतल्या बाजूला, कपडे वाळत घालण्याच्या दोरीपासून लांब ठेवा.

रोपवाटिकेतून करवंद म्हणून आणलेल्या झाडाला चांदणीसारखी मोठी फुलं आणि लालभडक, लांबट फळं आली. हे खाण्याजोगं आहे का? की करवंदच नव्हे?
– एक वाचक, कोल्हापूर

वर्णनावरून ही दक्षिण आफ्रिकेतली करवंदीची बहीण दिसते. शोभेचं कुंपण म्हणून ती आपल्याकडे बरीच विकली जाते. पान बघा: तिचं जाड, जास्त चकाकणारं, टोकाला बारीक काट्यासारखं टोचणारं. फूल आपल्या करवंदीच्या दुप्पट-तिप्पट मोठं. फळ पिकल्यावर लाल राहतं. आपलं करवंद पिकताना लालसर होऊन पुढे काळं-जांभळं होतं आणि फोडलं की आत लाल नाहीतर पांढरट निघतं. मुलांचा कोंबडा-कोंबडीचा खेळ चालतो तो त्यावरच.

त्या आफ्रिकी झुडपाचं पूर्ण पिकलेलं फळ खातात, पण पानं, खोड, कच्चा भाग खाऊ नये. ओळख पक्की होईपर्यंत तेही तोंडात घालू नका. एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी: करवंदी ही कण्हेरीच्या कुळातली आहे. पांढरा चीक, समोरासमोर पानं, सुवासिक फुलं ही लक्षणं त्या कुळातल्या अत्यंत विषारी झाडांनाही असतात. मुलांना 'चीक निघतो ते करवंद' अशी खूण कधीही सांगू नका. काटा, फुलाचा आकार, पिकून काळं होणारं गोल फळ आणि आतल्या चपट्या बिया, हे सगळं एकत्र जुळलं पाहिजे.

आमच्या डोंगरात एका जाळीची करवंदं बोराएवढी मोठी आणि गोड आहेत. ती जाळी उपटून परड्यात लावता येईल का? की कलम करू?
– एक वाचक, सावंतवाडी

उपटू नका. कातळाच्या फटीत गेलेलं सोटमूळ अखंड निघत नाही, तुटक्या मुळाचं जुनं झुडूप बहुधा वाळतं; म्हणजे डोंगरातलीही गेली आणि परड्यातलीही. जागा राखीव वनातली असेल तर तो भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हाही आहे. जाळी खासगी किंवा तुमच्या मालकीच्या जमिनीत असेल तर गुटी कलम करा. त्याच फळाची हमी मिळते आणि फळ दोन वर्षांत दिसतं.

गुटी जून-जुलैत, हवेत ओल भरपूर असताना बांधायची. गेल्या वर्षी वाढलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची, उन्हात असलेली फांदी निवडा. शेंड्यापासून दीड फुटावर काटे आणि पानं काढून टाका. दोन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढा. लगेच चीक वाहील. तो ओल्या फडक्यानं टिपा, वाहणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा टिपा. चिकाचा थर वाळून बसला तर त्याखालून मुळं फुटायला अडचण होते, आणि बहुतेकांची गुटी इथेच फसते. मग उघड्या लाकडावरचा बुळबुळीत पापुद्रा चाकूच्या पाठीनं खरवडून काढा. तो राहिला तर साल पुन्हा जुळून येते आणि मुळं फुटतच नाहीत. सालीच्या वरच्या काठाला मुळं फुटण्याचं संजीवक लावा. भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ मूठभर घेऊन त्यावर दाबा, प्लॅस्टिकनं गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीनं आवळा. वरचं टोक सैल राहिलं तर पावसाचं पाणी आत शिरून शेवाळ कुजतं.

दोन ते तीन महिन्यांत प्लॅस्टिकमधून मुळं दिसतात. पांढरी मुळं तपकिरी होऊ लागली की गुटीखाली फांदीला निम्म्या जाडीपर्यंत खाच द्या, आठवड्यानं पूर्ण कापा. निम्मी पानं काढून पिशवीत लावा, महिनाभर सावलीत ठेवा. सगळ्या गुट्या धरत नाहीत. पाच हवी असतील तर दहा-बारा बांधा. साध्या फांद्या खोचून करवंदीची रोपं करणं त्याहून अवघड. संजीवक न लावलेल्या फांद्या पानं फुटून नंतर वाळतात, त्याला भुलू नका.

विकतची जातिवंत कलमं हवी असतील तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळाची जात तुमच्या हवामानासाठीच निवडलेली आहे. उत्तरेकडच्या पंतनगरच्या 'पंत मनोहर' आणि 'पंत सुदर्शन' या पांढुरक्या, गुलाबी झाक असलेल्या फळांच्या जाती लोणचं-मुरंब्याला उत्तम. डोंगरच्या काळ्या मैनेची चव त्यांत शोधू नका.

नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. जमिनीत चुनखडी आहे.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

लोहाची कमतरता. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. त्यामुळे जमिनीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून फार उपयोग नाही. पानांवर फवारा: एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि निम्म्या लिंबाचा रस, सकाळी लवकर, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा. आळ्यात दरवर्षी शेणखत आणि पालापाचोळ्याचं आच्छादन वाढवत नेलं की फवारणीची गरज कमी होत जाते. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर मात्र कारण वेगळं, आधी निचरा तपासा.

पानांवर काजळी धरली आहे, फांद्यांवर मुंग्यांची रांग. पावसाळ्याच्या तोंडावर फळांवर काळे खोलगट डाग पडून ती गळतात. कोणतं औषध मारू?
– एक वाचक, अलिबाग

हे दोन वेगळे त्रास आहेत.

काजळी ही पानाचा रोग नव्हे. फांद्यांवर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण बसलेला असतो, तो गोड चिकट द्रव सोडतो, त्यावर काळी बुरशी वाढते, आणि तो द्रव खायला मुंग्या येतात. मुंग्या त्या किडींची राखणही करतात. पानं पुसून किंवा बुरशीनाशक मारून काही साधणार नाही. नखानं फांदी खरवडून बघा. खवला सुटून खाली ओलसर डाग दिसला की कीड जिवंत आहे. जास्त लागलेल्या फांद्या कापून जाळा. उरलेल्या जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासा. मग एक लिटर पाण्यात १०,००० पीपीएमचं कडुनिंबाचं तेल ३ मिली आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून पानांच्या खालूनही फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. फवारणी संध्याकाळी करा आणि फुलोऱ्यात टाळा. खोडाला जमिनीपासून वीतभर उंचीवर चिकट पट्टी बांधली की मुंग्या वर चढत नाहीत आणि किडीचे नैसर्गिक शत्रू काम करू लागतात.

फळांवरचे डाग बुरशीचे. मे महिन्यातला वळीव आणि दमट हवा मिळाली की ती पसरते, दाट जाळीच्या पोटात सगळ्यांत आधी. त्यावर खरा उपाय जूनमधली विरळणी. छाटणी झाल्यावर, पावसाची उघडीप बघून, एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा: १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळा. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांब्याचा लालसर थर आला तर मिश्रण आम्लधर्मी आहे, चुन्याची निवळी आणखी घाला. नाहीतर पानं करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा. फळं झाडावर असताना ही फवारणी करू नका. डाग पडलेली फळं वेचून पुरा, आणि वळिवाचा रंग दिसला की पिकण्याच्या बेतातली फळं आधीच उतरवून घ्या.

घरात लहान मुलं आहेत. बिनकाट्याची करवंदी मिळेल का?
– एक वाचक, सातारा

बिनकाट्याची शोधत बसू नका. काटा हा शेंड्याचाच बदललेला भाग असल्यामुळे तो खोड जून झालं तरी गळत नाही आणि कापला तर पुढच्या वाढीला पुन्हा येतो. त्यापेक्षा जागा नीट निवडा. पायवाट, झोपाळा, नळ यांपासून दीड मीटर लांब लावा. छाटणी जाड चामडी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांच्या कपड्यांतच करा. छाटलेल्या फांद्या वाळल्यावरही काटे तसेच राहतात आणि चपलेच्या तळव्यातून आरपार जातात. त्या खतखड्ड्यात टाकू नका, अंगणात पसरून ठेवू नका. कोवळ्या रोपांभोवती वई करायला वापरा किंवा जाळून टाका. काटा खोल रुतला तर जखम साबणानं धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे ना ते बघा. मुलं रांगती असतील तर लागवड दोन वर्षं पुढे ढकला.

लोणच्यासाठी फळं केव्हा काढावीत? चिकानं हात आणि भांडी खराब होतात. पिकलेली फळं किती दिवस टिकतात?
– एक वाचक, वाई

लोणच्याला फळ पूर्ण वाढलेलं पण टणक, हिरवं किंवा नुकती लाल झाक आलेलं हवं, साधारण एप्रिलमध्ये. एक फळ आडवं कापून बघा. बी पांढरं, मऊ असेल तर आठ दिवस थांबा. बियांचा रंग पालटू लागला की तोडणी सुरू करा. सकाळी तोडू नका, तेव्हा चीक जास्त वाहतो. ऊन वर आल्यावर तोडा. हातांना आणि सुरीला आधी खोबरेल तेल चोळलं की चीक चिकटत नाही. फळं देठाकडून तोडून मिठाच्या पाण्यात टाका, एक लिटरला दोन मोठे चमचे मीठ, आणि तासाभरानं चोळून दोनदा धुवा. मग पूर्ण कोरडी करूनच लोणचं घाला. कच्ची फळं पसरून ठेवली तर आठवडाभर राहतात.

पिकलेली फळं एकाच वेळी तयार होत नाहीत, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी वेचावी लागतात. फांदी झोडपून पाडू नका, पुढच्या वर्षीचे डोळे मोडतात. हलकेच फिरवल्यावर हातात येतं ते पिकलेलं. उथळ टोपलीत दोन थरांपेक्षा जास्त रचू नका; खालची फुटतात आणि रसानं बाकीची आंबतात. घरातल्या हवेत दोन-तीन दिवस, फ्रीजमध्ये कोरडी ठेवली तर थोडी जास्त टिकतात. जेली करायची असेल तर पूर्ण काळी आणि अर्धवट लाल फळं निम्मी-निम्मी घ्या, कारण कमी पिकलेल्या फळात पेक्टिन जास्त असतं आणि जेली वेगळं काही न घालता धरते. बुलबुल आणि कोकीळ वरच्या फांद्या आधी साफ करतात. जाळीच्या खालच्या, आतल्या अंगाला त्यांचा हात पोहोचत नाही, तिथली फळं शेवटी वेचा. आणि वेचून झालेल्या फळांतली सर्वांत मोठी, गोड शंभरेक लगेच कुस्करून बिया पिशव्यांत पेरून टाका. पाऊस पंधरा दिवसांवर आलेला असतो.